केंद्रांच्या मालकीवर मर्यादा घातल्याने माध्यमांत विविधता येते का?

प्रश्न थोडक्यात असा विचारला गेला आहे: एकाच कंपनीने किती रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रे बाळगावीत यावर सरकारने मर्यादा घातली, तर माध्यमांतील विविधता खरोखर वाढते का? इंटरनेटच्या काळात अशा मर्यादेला काही अर्थ उरला आहे का? आणि मर्यादा ठरवणारे सरकारच असेल, तर तिचा वापर माध्यमांना वेसण घालण्यासाठी होणार नाही याची खात्री काय? प्रसारण परवाने आणि त्यांच्या मालकीचे हस्तांतरण यांची कायदेशीर तपासणी हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे तत्त्वचर्चेपेक्षा कागदपत्रे तपासताना जे दिसते त्याच्या आधारे उत्तर देतो.

आधी माझे मत सांगतो आणि मग त्यामागची कारणे. मालकीवर मर्यादा असायलाच हवी. मात्र ती विविधता निर्माण करत नाही. जनमतावरचा प्रभाव एका हाती एकवटणे तेवढे ती रोखते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एका बाजूचे लोक मर्यादेकडून अशक्य अपेक्षा करतात आणि ती पूर्ण झाली नाही म्हणून दुसऱ्या बाजूचे लोक मर्यादाच मोडीत काढा म्हणतात. शिवाय सार्वजनिक वाद नेहमी टक्केवारीच्या आकड्यावर होतो, पण नियम टिकणार की पोकळ ठरणार हे त्या आकड्यावर ठरत नाही. ते ठरते ‘मालक कोणाला म्हणायचे’ आणि ‘बाजार कोणता धरायचा’ या दोन व्याख्यांवर.

विविधता एकच नसते, हे इथे आधी मान्य करावे लागते. मालक वेगवेगळे असणे वेगळे, कार्यक्रम वेगवेगळे असणे वेगळे, आणि श्रोत्याने किंवा प्रेक्षकाने प्रत्यक्षात वेगवेगळे काही ऐकणे-पाहणे हे आणखी वेगळे. १९५२ मध्ये पीटर स्टायनर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने असे दाखवले होते की, जाहिरातीवर चालणाऱ्या रेडिओत चार स्वतंत्र मालक असतील तर ते चौघेही सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गामागे धावतील आणि एकसारखेच कार्यक्रम देतील. उलट चारही केंद्रे एकाच मालकाची असतील तर तो स्वतःशीच स्पर्धा टाळण्यासाठी चार वेगळ्या अभिरुचींना चार केंद्रे देईल. हा युक्तिवाद मालकीच्या मर्यादा शिथिल करू पाहणारे आजही मांडतात, आणि संगीताच्या प्रकारांपुरता त्यात तथ्य आहे. पण संगीताचे चार प्रकार देणारा तो एकच मालक चारही केंद्रांवरून कोणती बातमी द्यायची आणि कोणती गाळायची हेही ठरवतो. लोकशाहीच्या दृष्टीने धोका तिथे आहे, आणि स्टायनरच्या गणितात तो मोजलाच जात नाही.

याची दुसरी बाजू भारतातील खासगी एफएममध्ये स्पष्ट दिसते. खासगी एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या सरकारी धोरणानुसार एका शहरातील एकूण वाहिन्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक वाहिन्या एका कंपनीकडे असता येत नाहीत आणि शहरात किमान तीन वेगळे चालक असावे लागतात. देशभरातील एकूण वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांची वेगळी मर्यादा होती, ती २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. म्हणजे शहरापुरते मालक वेगळे राहतील याची तरतूद आजही आहे, तरी बहुतेक वाहिन्यांवर त्याच त्या चित्रपटगीतांची चलती असते. कारण मालकीच्या नियमात नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. आणि वाहिन्या लिलावात घेतलेल्या असल्याने बोलीची रक्कम वसूल करण्यासाठी मोठ्यात मोठा श्रोतृवर्ग गाठावा लागतो. ज्याला वेगळे बोलायला मनाई आहे आणि वेगळे वाजवणे परवडत नाही, त्याच्याकडून वेगळेपणाची अपेक्षा मालकीच्या मर्यादेने पूर्ण होणार नाही. तिथे उपाय दुसरे आहेत: बातम्यांवरील बंदी उठवणे, लहान शहरांसाठी शुल्क कमी ठेवणे आणि बिगरव्यापारी केंद्रांसाठी वेगळ्या लहरी राखून ठेवणे. २००६ मध्ये सामुदायिक रेडिओचे परवाने शैक्षणिक संस्थांपलीकडे स्वयंसेवी संस्थांनाही खुले झाले, आणि माझ्या मते आपल्याकडील रेडिओत आशयाचे खरे वेगळेपण आणण्यात त्या एका निर्णयाचा वाटा मालकीच्या सर्व टक्केवाऱ्यांपेक्षा मोठा आहे.

मग मर्यादा हवी कशासाठी? अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ केंद्रांवरील देशव्यापी मर्यादा पूर्ण काढून टाकली आणि काही वर्षांतच सर्वांत मोठ्या कंपनीकडे १,२०० हून अधिक केंद्रे गेली. नॉर्थ डकोटा राज्यातील मायनट या गावातील सहाही व्यापारी रेडिओ केंद्रे एकाच कंपनीची झाली होती. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर गावाजवळ मालगाडी घसरली, निर्जल अमोनियाचा ढग वस्तीवर आला आणि एकाचा मृत्यू झाला. पोलिसांना रेडिओ केंद्रात वेळेवर कोणी भेटले नाही असा आरोप झाला. आणीबाणीची सूचना देणारी यंत्रणा पोलिसांकडूनच नीट चालवली गेली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. सहा केंद्रे सहा व्यवस्थापनांकडे असती, तर एका ठिकाणचा दुवा तुटल्यावर पाच उरले असते. बातमीच्या बाबतीतही हेच होते, फक्त ते अपघातासारखे ठळकपणे दिसत नाही. एका संपादकाने एक प्रकरण दडपले तर दुसऱ्याने ते छापण्याची किंवा सांगण्याची शक्यता शिल्लक राहावी, एवढाच या मर्यादेचा हेतू आहे, आणि तो पुरेसा महत्त्वाचा आहे.

आता मालक कोणाला म्हणायचे याकडे येतो, कारण माझ्या कामातला सर्वाधिक वेळ इथेच जातो. समजा, नियम सांगतो की एका शहरात कोणाचाही वाटा २० टक्क्यांहून अधिक नसावा. अर्जासोबत आलेल्या तक्त्यात एका उद्योगसमूहाचा ‘अ’ कंपनीत ५१ टक्के वाटा आहे, ‘अ’चा ‘ब’मध्ये ५१ टक्के आणि ‘ब’चा केंद्र चालवणाऱ्या ‘क’ कंपनीत ५१ टक्के. अर्जदार हे तीन आकडे एकमेकांनी गुणतो आणि आपला वाटा १३.३ टक्के असल्याचे दाखवतो. गणित बरोबर आहे. पण प्रत्येक पायरीवर बहुमत त्याच समूहाकडे असल्याने ‘क’चे संचालक मंडळ तोच नेमतो, आणि केंद्र पूर्णपणे त्याच्याच ताब्यात असते. लाभातला वाटा मोजायचा असेल तर गुणाकार योग्य आहे, नियंत्रण मोजायचे असेल तर नाही. नियमात हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तपासणी अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी त्याला तो अर्ज मंजूर करावा लागतो.

याउलट कधी कधी लहान वाटाही पुरतो. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने आयटीव्ही या दुसऱ्या दूरचित्रवाणी कंपनीचे १७.९ टक्के भाग (शेअर) विकत घेतले. बहुमताच्या हिशेबात हा आकडा किरकोळ दिसतो, पण इतर भागधारक विखुरलेले होते आणि सभेत सर्व जण मतदान करत नाहीत, त्यामुळे एवढ्या वाट्यावर विशेष ठराव, म्हणजे साध्या बहुमताने मंजूर न होणारे ठराव, अडवण्याची ताकद येत होती. स्पर्धा आयोगाने हे नेमके मोजले आणि शेवटी तो वाटा ७.५ टक्क्यांखाली आणण्याचा आदेश निघाला. आदेशाचा आधार स्पर्धा हा होता, माध्यमांची विविधता नव्हे. तरी नियंत्रण कसे मोजावे याचा तो उत्तम नमुना आहे, आणि मसुद्यांवर टिपणे लिहिताना मी तो आवर्जून पुढे ठेवतो.

भागभांडवलाच्या तक्त्यात जे दिसतच नाही ते करारांत सापडते. परवाना एका लहान कंपनीच्या नावावर असतो आणि कार्यक्रम, जाहिरातविक्री व कर्मचारी शेजारच्या मोठ्या केंद्राकडून येतात. असा करार हाती आला की मी तीन गोष्टी शोधतो: बातमी विभागाचा प्रमुख नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाला आहे, जाहिरातीचे दर कोण ठरवतो, आणि तोटा झाला तर तो कोणाच्या वहीत जातो. तिन्हींचे उत्तर मोठे केंद्रच असेल, तर परवानाधारक नावापुरता उरतो. कर्जाचेही तसेच आहे. ज्याने केंद्राला बहुतेक भांडवल कर्जाऊ दिले आहे आणि परतफेड चुकल्यास भागांचा ताबा घेण्याचे कलम घातले आहे, त्याच्या विरोधातली बातमी ते केंद्र किती दिवस देईल? अमेरिकेच्या नियमांत या वाटांचा विचार बराच झाला आहे. तिथे साधारणपणे ५ टक्के मताधिकार असला की तो वाटा हिशेबात धरतात. त्याच बाजारपेठेतील दुसऱ्या रेडिओ केंद्राचे आठवड्याचे १५ टक्क्यांहून अधिक प्रसारण कोणी कराराने चालवत असेल, तर ते केंद्र त्याच्या खात्यावर मोजले जाते. आणि विशिष्ट परिस्थितीत कर्ज व भाग मिळून केंद्राच्या मालमत्तेच्या ३३ टक्क्यांहून अधिक होत असतील तरीही तसेच. हे आकडे कोणाला कमी-जास्त वाटतील, पण करार आणि कर्ज यांनाही मालकीच्या व्याख्येत आणणे ही दिशा बरोबर आहे.

दुसरी व्याख्या बाजाराची. एखाद्याकडे ‘३० टक्के’ आहे म्हणजे कशाचे ३० टक्के? केंद्रांच्या संख्येचे, उत्पन्नाचे, प्रेक्षकांच्या वेळेचे, की बातम्यांच्या प्रेक्षकांचे? आणि कोणत्या भूभागात, कोणत्या भाषेत? भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१४ मध्ये माध्यम-मालकीवर ज्या शिफारशी केल्या त्यांत बाजार भाषा आणि ती बहुसंख्येने बोलली जाणारी राज्ये यांवरून आखावा असे सुचवले होते, आणि मला ते पटते. देशभरातील आकडेवारीत नगण्य दिसणारा गट एका भाषेत वर्चस्व गाजवू शकतो, आणि त्या भाषेपलीकडे न जाणाऱ्या प्रेक्षकाला देशाच्या सरासरीचा काही उपयोग नाही. त्याच शिफारशींत केंद्रीकरण मोजण्यासाठी प्रत्येकाच्या बाजारवाट्याचा वर्ग करून बेरीज घेण्याची पद्धत होती. त्या पद्धतीत ३२ टक्के वाट्याचा गट एकटाच सुमारे १,०२४ गुण भरतो, तर ८ टक्क्यांचे चार गट मिळून केवळ २५६. म्हणजे मोठ्याचे मोठेपण आकड्यात ठळक उमटते. दूरचित्रवाणीत १,००० हून अधिक भर घालणाऱ्या गटाने वृत्तपत्रांतही तेवढीच भर घालू नये, असा त्यामागचा विचार होता. त्या शिफारशींचा कायदा झाला नाही. २०२२ मध्ये प्राधिकरणाने याच विषयावर नव्याने सल्लामसलत सुरू केली.

मोजण्याच्या पद्धतीतली एक सवलत संपूर्ण नियम कसा पोकळ करते हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील दूरचित्रवाणीची मर्यादा पाहावी. २००४ पासून तिथे एका मालकाच्या केंद्रांनी देशातील ३९ टक्क्यांहून अधिक घरांपर्यंत पोहोचू नये असा नियम आहे. पण अतिउच्च कंप्रतेच्या, म्हणजे यूएचएफच्या, केंद्रांची घरे निम्मीच मोजायची अशी जुनी सवलत त्याला जोडलेली आहे. सदृश (ॲनालॉग) प्रसारणाच्या काळात त्या लहरी खरोखर दुबळ्या होत्या, त्यामुळे सवलतीला आधार होता. २००९ मध्ये डिजिटल प्रसारणाकडे संक्रमण झाल्यावर तो आधार गेला, सवलत राहिली. तिथल्या प्रसारण नियामक आयोगाने ती २०१६ मध्ये काढली आणि २०१७ मध्ये पुन्हा आणली. सर्व केंद्रे यूएचएफची असतील तर ३९ टक्क्यांची मर्यादा पाळूनही ७८ टक्के घरांपर्यंत पोहोचता येते. आकड्यावर वर्षानुवर्षे भांडण झाले आणि नियमाचा प्राण एका तळटिपेसारख्या तरतुदीत गेला.

इंटरनेटमुळे हे सर्व कालबाह्य झाले, असे अनेक जण म्हणतात, आणि त्यातला अर्धा भाग खरा आहे. लहरी मर्यादित आहेत म्हणून सरकारने त्यांचे वाटप आणि नियमन करावे, हा जुना युक्तिवाद होता. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले होते. बोलण्याच्या जागा आज दुर्मीळ राहिलेल्या नाहीत, त्यामुळे तो आधार क्षीण झाला आहे. परंतु बातमी शोधून काढण्याची क्षमता मात्र आजही दुर्मीळ आहे. नगरपालिकेच्या सभेत, न्यायालयात आणि रुग्णालयाच्या दारात वार्ताहर पाठवण्याचा खर्च मोजके गटच करतात, आणि समाजमाध्यमांवर फिरणारा बराच मजकूर त्यांच्याच बातम्यांवर उभा असतो. म्हणून संकेतस्थळांची संख्या मोजून ‘विविधता आली’ म्हणणे चूक आहे. मोजायचे असेल तर त्या भागातील स्वतंत्र वृत्तकक्ष मोजावेत. सर्व माध्यमांचा प्रभाव एका मापात आणणे मात्र फार कठीण आहे. जर्मनीत दूरचित्रवाणीसाठी ३० टक्के प्रेक्षकवाट्याचा निकष आहे. २००६ मध्ये माध्यमांतील केंद्रीकरणावर लक्ष ठेवणाऱ्या तेथील आयोगाने वृत्तपत्रांचा प्रभाव प्रेक्षकवाट्यात रूपांतरित करून एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाला दूरचित्रवाणी समूह घेण्यास नकार दिला, आणि २०१४ मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरवला. हेतू योग्य होता, पण मोजमापाला कायद्याचा पुरेसा आधार नव्हता.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. मालकीचा नियम सरकारच्या हातातले हत्यार होऊ शकतो, आणि नियम न वापरणे हेही तितकेच मोठे हत्यार आहे. हंगेरीत २०१८ मध्ये ४०० हून अधिक माध्यमे एका सरकारधार्जिण्या प्रतिष्ठानाकडे सोपवली गेली, आणि सरकारने तो व्यवहार राष्ट्रीय सामरिक महत्त्वाचा ठरवून स्पर्धा कायद्याच्या तपासणीतून वगळला. इटलीत एका कंपनीला १९९९ मध्ये देशव्यापी दूरचित्रवाणीचा परवाना मिळाला, पण प्रसारणासाठी लहरी द्यायला २००९ उजाडले. २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिला १ कोटी युरोची भरपाई देण्याचा निकाल दिला. दोन्ही ठिकाणी कागदावर नियम होते. म्हणून मी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेल्या ‘सार्वजनिक हिता’च्या कसोटीपेक्षा आधीच जाहीर असलेल्या आकड्याकडे झुकतो. आकडा काही वेळा अन्याय करतो हे मान्य आहे. एखाद्या लहान बाजारात दोन तोट्यातली केंद्रे एकत्र आली तर किमान एक वृत्तकक्ष वाचतो, आणि तिथे आंधळी मर्यादा दोन्ही बुडवते. अशा ठिकाणी सूट असावी, पण ती लेखी कारणांसह, ठरावीक मुदतीसाठी आणि न्यायालयात आव्हान देता येईल अशी असावी. नियामकाची नेमणूक आणि कार्यकाळ सत्तेतील पक्षाच्या एकट्याच्या हाती असेल, तर कोणतीही कसोटी सुरक्षित नाही.

देशाचे आकारमान, भाषा, जाहिरातीचा बाजार आणि सार्वजनिक प्रसारकाचे स्वातंत्र्य यांवर बरेच काही अवलंबून असल्यामुळे कोणता आकडा योग्य हे मी सरसकट सांगणार नाही. सार्वजनिक प्रसारक खरोखर स्वायत्त असेल तर खासगी मालकीबाबत थोडी सैल मर्यादाही चालून जाते. तो सरकारी मुखपत्र असेल तर मर्यादा कडक हवी, कारण दुसरा स्वतंत्र आवाज नसतोच.

प्रश्नकर्त्यांच्या किंवा कोणाच्याही हाती मालकीच्या मर्यादेच्या नियमाचा मसुदा आला आणि त्यावर हरकती मागवल्या गेल्या, तर टक्केवारीचे कलम बाजूला ठेवून आधी व्याख्या वाचाव्यात, मग सवलतींचे परिशिष्ट, आणि त्यानंतर नियामकाच्या नेमणुकीचे कलम. प्रत्येक केंद्राच्या अंतिम मालकाचे नाव, मोठी कर्जे आणि कार्यक्रम-करार जनतेला पाहता येतील अशी तरतूद आहे का तेही पाहावे, कारण त्याशिवाय बाहेरच्या कोणालाही उल्लंघन सिद्ध करता येत नाही. वर दिलेले तीन पायऱ्यांचे उदाहरण हरकतीत जसेच्या तसे लिहून विचारावे की या रचनेत मालक कोण ठरेल आणि त्याचा वाटा किती धरला जाईल. मसुद्यातून त्याचे एकच स्पष्ट उत्तर निघत नसेल, तर हरकतींच्या यादीत या त्रुटीला पहिला क्रमांक द्यावा.